वीतभर खड्डा

खड्डा वीतभरच खणला होता. माणसाला तेवढा पुरत नाही, पण माणूस सापडलाच नव्हता. हाती होतं ते राजशेखरचं इष्टलिंग, चांदीच्या डबीतलं, लहानपणापासून त्याच्या गळ्यात असलेलं. त्याची बायको शिवरंजनी ते अमेरिकेहून त्याच्या गावी, बेंबळीला घेऊन आली होती. लिंगायत माणसाला लिंगासकट मातीत ठेवतात. इथं नुसतं लिंगच ठेवायचं होतं.

जंगम स्वामींनी विभूती लावली, बेल वाहिला आणि घरच्यांना माती द्यायला सांगितलं. शिवरंजनी मूठभर माती घेऊन पुढं झाली. सासऱ्यांनी, वीरप्पांनी, हात आडवा धरला.

"तू न्हाय," ते म्हणाले. "तुझा हात लागू द्यायचा न्हाय."

शेतात जमलेल्या भावकीला कारण ठाऊक होतं. महिन्यापूर्वी राजशेखर बायको-मुलीला घेऊन कॅरिबियन बेटांच्या सहलीला गेला होता. आठ दिवस शिडाची बोट, रोज नवं बेट, तोंडात नळी धरून पाण्याखालचे मासे बघायचे. पाचव्या दिवशी तो पाण्यात उतरला आणि प्रवाहानं त्याला ओढून नेलं. चार दिवस शोध चालला. लिंग तेवढं बोटीवर, त्याच्या पिशवीत सुखरूप होतं. अंगावरून लिंग उतरवलं म्हणूनच पोरगा गेला, हे वीरप्पांच्या मनानं घेतलं ते घेतलंच. सून आली त्या दिवशी त्यांनी एकच विचारलं, काढायला कुणी सांगितलं. ती म्हणाली, मी. तेव्हापासून ते तिच्याशी बोलले नव्हते.

हे उत्तर सासूनं, चन्नम्मांनी, स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. आणि लाज वाटावी इतकं त्यांना बरं वाटलं होतं. कारण राजशेखर बुडाला त्या दिवशी बोटीवरून व्हिडिओ कॉल आला होता. तिकडं सकाळ होती, इथं दिवेलागण. राजशेखर कपाळावर पाण्यातला चष्मा चढवून हसत होता. गळ्यात मळका दोरा. चन्नम्मांनी समुद्र कधी बघितला नव्हता. पोराची भीती त्यांना वाटलीच नाही, तो विहिरीत सूर मारत वाढलेला. भीती वाटली दोऱ्याची. दोरा जुना झालाय, तुटला तर एवढ्या पाण्यात लिंग कुठं हुडकशील, काढून ठेव अन् मग उतर, असं त्या म्हणाल्या. पोरानं ऐकलं. आईचं तो कधी मोडत नसे.

सून आल्यापासून त्या स्वतःला समजावत होत्या. सुनेनंही सांगितलंच होतं की. मग आपण गप्प बसलो असतो तरी त्यानं लिंग काढलंच असतं. पाप निम्मं झालं होतं, आणि त्या निम्म्याच्या आधारानं दोन घास पोटात जात होते.

आता सून मूठ मिटून उभी होती. रडत नव्हती, वाद घालत नव्हती. सात वर्षांची शिवप्रिया आईची ओढणी धरून आजोबांकडं बघत होती. वीरप्पांचा हात अजून आडवाच होता. चन्नम्मांना ते बघवेना. त्या उठल्या आणि नवऱ्याचा हात त्यांनी खाली केला.

"आधी मला अडवा," त्या म्हणाल्या. "म्याबी सांगितलं होतं त्याला, फोनवर. दोरा तुटंल, काढून ठेव म्हणलं."

वीरप्पा मटकन खाली बसले. चन्नम्मा सुनेकडं वळल्या. हे आता दोघींनी मिळून सोसायचं, असं काहीतरी त्यांना म्हणायचं होतं. पण रडू फुटलं आणि "आपण दोघींनीच" एवढंच तोंडून निघालं.

शिवरंजनीनं आपल्या मुठीतली माती त्यांच्या ओंजळीत ठेवली. मग त्यांच्या कानाशी वाकून ती हळूच म्हणाली, "मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, आत्या. त्या दिवशी फोन माझ्या हातात होता."