बिननावाची ओळ

टँकरची टाकी रिकामी झाली, पाइप गुंडाळून झाला, तरी केवळाबाई ड्रायव्हरला सोडायला तयार नव्हती. गाव कोणतं, लेकरं किती, आणि शेवटी तिचा नेहमीचा प्रश्न, जन्म कधीचा? "लातूर जिल्हा नवा झाला, त्या सालचा," तो हसून म्हणाला. केवळाबाईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. भरलेली घागर दारातच राहिली.

ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलेला तिचा मुलगा रेवणसिद्ध शरमून मान खाली घालून होता. त्याच्या आधीचा भाऊ त्याच साली, बारशाच्या आदल्या दिवशी गेला होता. तेव्हापासून माय त्या वयाच्या दिसेल त्या माणसात त्याला शोधायची. अहमदपूरच्या स्टँडवर एका कंडक्टरनं तर तिला वेडी ठरवून टाकलं होतं. रेवणला त्या भावाचा राग यायचा, आणि भीतीही वाटायची. घरात दोघंच जेवत असले तरी कुणी तिसरं पाटावर बसलंय असं वाटायचं. मठातल्या स्वामींनी उपाय सांगितला होता, लेकराला नाव द्या, ते सुटेल, तुम्हीही सुटाल. विधी सोमवारी ठरला होता. नाव तेवढं मायनं सांगायचं होतं, आणि ती काही केल्या सांगत नव्हती.

"तुझं काय अडलंय रं?" आत येता येता तिनं विचारलं.

अडलं होतं टँकरच्या प्रोग्रॅमचं, आणि तो आजच द्यायचा होता. दोन गावांच्या आठवडाभराच्या खेपा, म्हणजे सात-सात आकड्यांच्या दोन ओळी. एका गावचं पाणी चुकून दुसऱ्याच्या खात्यात जाऊ नये म्हणून रेवणनंच प्रत्येक ओळीला गावाचं नाव देऊन तिचा वेगळा प्रकार केला होता. आता दोन्ही सारख्या आहेत का एवढंच विचारलं, तर संगणक हटून बसला. त्यानं मायला दाखवलं, आकडे बघ, एकेक तसाच. पण नावं दोन म्हणजे प्रकार दोन, ताडून बघणारच नाही म्हणतो.

"मग आता?"

"एकीचं नाव काढायचं." त्यानं काढलं. लगेच उत्तर आलं, दोन्ही सारख्या. "बिननावाची ओळ कुणाशीबी ताडता येती, माय. तेवढीच लांब पाहिजे, आत आकडेच पाहिजेत, बस्स. तिला तिचं नाव दिलं, की मग दुसऱ्या कुठल्या नावाशी जुळत न्हाई."

केवळाबाई खाली बसली. पडद्याकडे बघत राहिली. विषय निघालाच आहे तर विचारून घ्यावं, असं रेवणला वाटलं. मग सोमवारचं काय, स्वामींना नाव काय सांगू, असं त्यानं हळूच विचारलं.

बाहेर टँकर सुरू झाला. वळताना ड्रायव्हरनं खिडकीतून हात केला. केवळाबाई उठून दारात गेली आणि टँकर दिसेनासा होईपर्यंत हात हलवत राहिली.

"नको रं रेवण," ती पाठमोरीच म्हणाली. "नाव दिलं, तर मग म्या त्याला कुणात बघू?"