लाभ, दोन, तीन

“सांगून कुणाला पटायचं न्हाय, पण आमची अवनी पोटात होती ना, तवा तिच्या आईला घास मोजून खायला लावायची. एखादा जास्त झाला की आतनं लाथ!”

शाळेच्या पटांगणात लिंबाखाली हंबीररावांनी ही थाप फेकली आणि भोवतीची माणसं हसली. यंदा पहिलीत येणाऱ्या पोरांचा मेळावा होता. एका टेबलावर रंग, एकावर चित्रं, आणि शेवटच्या टेबलावर चिंचोक्यांचा ढीग. तिथं अनुजाबाई पोरांची मोजणी बघत होत्या.

“हंबीरा, पोटातलं ऱ्हाऊ दे,” पिराजी म्हणाला. हा हंबीररावांचा जन्माचा दोस्त, आणि जन्माचाच वैरी. “भाईर आल्यावर काय येतंय ते सांग.”

“शंभर! एका दमात! परवा गोठ्यात म्हणत होती तर म्हस रवंथ थांबवून ऐकत बसली.”

म्हशीचं देव जाणे, पण अवनीनं शंभरापर्यंत म्हणून दाखवलं खरं. डोळे मिटून, मान डोलवत, भजनासारखं. टाळ्या पडल्या. हंबीररावांनी मिशीवरनं हात फिरवला आणि सून, अवनीची आई, कुठं उभी आहे ते बघितलं. स्नेहल अर्ध्या दिवसाची रजा काढून हुपरीच्या चांदी कारखान्यातनं तशीच आली होती.

“शाब्बास,” अनुजाबाई म्हणाल्या. “आता शंभर नकोत. हे चिंचोके एकेक उचल आणि मला मोजून दे.”

अवनीनं पहिला चिंचोका उचलून बाजूला ठेवला.

“लाभ.”

धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होतं. पण ते खळ्यावर. इथं पोरं फिदीफिदी हसली, त्यांच्या आया तोंडाला पदर लावून हसल्या, आणि पिराजीला तर पदरच नव्हता.

“बाई, हिला पहिलीत नको, थेट मार्केट यार्डात घाला!”

“एक म्हणायचं, बाळा.”

“लाभच.” अवनीचा आवाज बारीक झाला. “एक म्हटलं की बरकत जाती. आबा सांगत्यात.” ती मागं वळली. “आबा, सांगा की बाईंस्नी.”

सगळी तोंडं हंबीररावांकडं फिरली.

सांगायचं होतं ते एवढंसं होतं. मीच शिकवलं. बाईंनी घरोघरी चिंचोक्यांची पिशवी दिली होती, दुपारी पोरीला घेऊन बसा म्हणून. कामावर जाताना स्नेहलनं ती सासऱ्याच्या हातात ठेवली होती. पिशवी सोप्यातल्या खुंटीवर लटकून राहिली आणि हंबीरराव पारावर गप्पा हाणत राहिले. पोरगी जे काय शिकली ते शेंगा मापताना, पोत्याच्या तोंडाशी बसून, त्यांच्या हातातल्या बुट्टीकडं बघत.

हंबीररावांचे कान तापले. समोर पिराजी दात काढून उभा होता. जन्मात कधी न अडलेली जीभ अडली, आणि सुटली ती भलतीकडंच.

“मी? छ्या! मी असलं शिकवीन व्हय? तिच्या आईनं शिकवलं आसंल. नेसरीकडची हाय ती, तिकडं असंच मोजत्यात.”

स्नेहल आपल्या चपलेकडं बघत राहिली. चारचौघांत सासऱ्याचा शब्द खाली पाडायची तिची रीत नव्हती, आणि हंबीररावांना ते चांगलं ठाऊक होतं. त्यांनी तिच्याकडं बघायचं टाळलं.

अवनीनं आईकडं बघितलं. मग आबांकडं. बाजूला ठेवलेला चिंचोका तिनं ढिगात परत टाकला आणि नव्यानं एक उचलून ठेवला.

“लाभ.”

“पुन्हा तेच!” पिराजी म्हणाला.

हंबीरराव टेबलाकडं सरकले. “न्हाय बाई, तशी हुशार हाय ती. मी रोज दुपारी तुमची पिशवी घेऊन हिला समोर बसवतोय.”

पिराजीचं हसू थांबलं. रोज दुपारी हंबीररावांच्या शेजारी पारावर कोण असायचं, तर तोच.

“दोन.” दुसरा चिंचोका पहिल्याशेजारी आला.

“बघा, येतंय की!” अनुजाबाई खुलल्या. “घाबरायचं न्हाय. चालू दे तुझं.”

हंबीररावांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात स्नेहलनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्यांनी तो झेलला असता. तिथं नुसतं पाणी होतं. त्यांना मातीत शिरावंसं वाटलं, पण पायाखाली शाळेचं चोपून टणक केलेलं पटांगण.

“तसं मी सुनंला काय बोललो न्हाय हं,” ते घाईनं म्हणाले. “मी तिला कधी नावं ठेवत न्हाय.”

“तीन.”

तीन चिंचोके एका ओळीत, एकमेकांना न चिकटता. आता कुणीच हसत नव्हतं. अवनीचा हात ढिगावर तयार होता आणि नजर आबांच्या ओठांवर. हंबीररावांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

“थांबलीस का?” अनुजाबाईंनी विचारलं. “चौथा उचल की.”

“थांबा की बाई,” अवनी म्हणाली. “आबांचं चवथं खोटं अजून झालं न्हाय.”