चार हातांचं वाण

बायका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यायच्या आत अनघाताईंच्या यजमानांनी टीपॉयवरच्या कादंबरीला वर्तमानपत्राचं कव्हर घालून टाकलं. मुखपृष्ठावर चार हातांचा, उघडाबंब, हिरवा परग्रहवासी नायिकेला कवटाळून उभा होता.

"आजी झालीस आता! लोक काय म्हणतील?" एवढं बोलून ते आतल्या खोलीत जाऊन बसले.

सासूबाई होत्या तोवर अनघाताईंनी असली पुस्तकं गादीखाली लपवून वाचली होती. आता पुरे! त्यांनी कव्हर टराटरा फाडलं, वाणाला आणलेले प्लास्टिकचे डबे माळ्यावर टाकले आणि कपाटातले रक्त पिणारे राजपुत्र, पौर्णिमेला लांडगे होणारे प्रियकर, सगळे बाहेर काढले. तिळगुळासोबत प्रत्येकीच्या हातात एकेक कादंबरी पडली.

परग्रहवासी समोरच्या बिवलकरवहिनींच्या वाट्याला आला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "अगं बाई! ह्याला चार हात कशाला?"

"दोन मिठी मारायला," अनघाताई आतल्या खोलीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "आणि दोन भांडी घासायला!"

बायका हसून हसून बेजार झाल्या. हसणं ओसरलं, तेव्हा स्वयंपाकघरातून नळ सोडल्याचा आणि कपबश्या वाजल्याचा आवाज आला.