काथ्याचा ओटा

पाडकामाचा चुरा, राख आणि काथ्याचे तुकडे सिमेंटात कालवून इंजिनीअर नवऱ्याने स्वयंपाकघरात ओटा घातला. झाला मजबूत, पण बायकोला चांगला चार बोटं उंच.

"अहो, खांदे भरून येतात माझे!"

"तडा जाऊ दे, लगेच तुझ्या मापाचा नवा घालतो. शब्द देतो."

तेव्हापासून ती साधा लसूणही अंगातलं सगळं बळ लावून ठेचायची. बत्ता तर रोजच हातातून निसटायचा. ओटा ढिम्म.

एकदा एका सिमेंट कारखान्याचे साहेब ते मिश्रण बघायला आले. ओटा निरखून बाहेरच्या खोलीत बसले. "साधा चरा नाही हो! कोणत्या यंत्रावर तपासता?"

आतून धाडकन आवाज आला.



नवरा हळूच म्हणाला, "यंत्र कसलं, साहेब! म्हणून तर ओटा मुद्दाम उंच घातला."