हनुवटीवरचं गोंदण

"मामी, कम्प्युटरवर तुम्हाला पार तरुण केलं बघा! हनुवटीवरचे डागसुद्धा पुसले," जावई फुशारला.

हौशी छायाचित्रकारांच्या प्रदर्शनात दोन फोटो ठकूबाईचेच होते. सुनेनं पहाटेपासून कोवळ्या उन्हाची वाट बघत काढलेला फोटो कोपऱ्यात टांगला होता. जावयाच्या फोटोला पहिलं बक्षीस होतं, आणि कप ठकूबाईच्याच हातून द्यायचा होता.

तिचा हात हनुवटीवर गेला. लहानपणी आईनं मांडीवर डोकं धरून तिला गोंदवलं होतं.

"डाग म्हणता? जावईबापू, सोनं मागितलं असतं तर काढून दिलं असतं," ती कडाडली. "सरणावर सोबत येणारा बाईचा एवढाच दागिना, तोही उतरवलात?"

कप तिनं सुनेच्या हातात कोंबला.

"धर गं! तुझ्या फोटोत मी आहे. यांचं बक्षीस यांच्या फोटोतली बाई देईल."