उजव्या दांड्याचं माप

तिसरा दांडाही पुठ्ठ्याला जुळला नाही. शिंप्याने तो बाजूला ठेवला, कानावरची पेन्सिल काढली आणि पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात तिसरी फुली मारली.

मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग विकणारा भंगारवाला स्टुलावर बसून केव्हाचा बघत होता.

"मास्तर, मॉडेल तेच आहे ना?"

"तेच."

"साल?"

"तेच. दांड्यावरचा नंबरही तोच."

"मग घोडं अडलं कुठे?"

"टोकाकडे बोटभर फरक पडतोय."

"कंपनीने हजारो गाड्या एका साच्यातून काढल्या. तुमचीच तेवढी वेगळी?"

"माझी नाही, सासऱ्यांची आहे," शिंपी म्हणाला. "त्यांचं सगळंच वेगळं असतं."

गाडी सासऱ्यांची होती, हेच तर दुखणं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी त्यांनी जावयाच्या हाती किल्ली दिली नव्हती. शिलाई मशीनला ब्रेक नसतो, एवढंच म्हणायचे. या खेपेला परगावी जाताना लेकीने हट्ट धरला म्हणून दिली, आणि दुसऱ्याच दिवशी जावयाने गाडी फाटकाच्या खांबावर नेऊन घातली. बंपर आणि दिवा किरकोळीत निघाले. पण बॉनेटखालच्या उजव्या दांड्याला चीर गेली. इंजिन आणि पुढचं चाक त्याच दांड्याच्या जिवावर. "वेल्डिंगवर भागायचं नाही, दुसरा आणा," गॅरेजच्या मिस्त्रीने बजावलं होतं. "नंबर बघा, साल बघा, भोकं बघा. चुकीचा बसला तर गाडी जन्मभर तिरकी धावेल."

सासरे रविवारी परतणार होते. गाडी तिरकी धावली असती तर अकरा वर्षांचं त्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं.

म्हणून शिंप्याने मिस्त्रीच्याही एक पाऊल पुढे टाकलं होतं. सकाळी गाडीखाली उताणं पडून त्याने दांड्याचा नमुना पुठ्ठ्यावर उतरवून घेतला, भोकांसकट. वीस वर्षं तो हेच करत आला होता. एक खांदा उतरलेल्या गिऱ्हाइकालाही त्याच्या हातचा कोट असा बसे की उतरलेला खांदा बायकोच्याही ध्यानात येऊ नये. माणूस जसा उभा राहतो तसंच त्याचं माप घ्यायचं, ताठ उभं राहा म्हणून सांगायचं नाही, हा त्याचा नियम.

तो निघाला तेवढ्यात त्याला भंगारवाल्याच्या आवाराचं फाटक दिसलं. ते वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली एक दांडा अडकवलेला होता. शिंप्याने वाकून फुंकर मारली. नंबर तोच. पुठ्ठा लावला. टोकाला टोक, भोकाला भोक. अंगरख्यासारखा बसला.

"तो विकायचा नाहीये," भंगारवाला म्हणाला.

शिंपी मनात हसला. चांगलं कापड दुकानदार मागच्या फळीवर दडवून ठेवतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"मला हाच हवा."

"अहो, त्या तिघांकडे बघा पुन्हा एकदा. नवे वाटावेत असे आहेत. हा नेलात तर मी परत घेणार नाही."

"परत आणतोय कोण?"

गॅरेजमध्ये त्याने दांडा मिस्त्रीच्या पुढ्यात ठेवला आणि वर पुठ्ठा अंथरला. मिस्त्रीने एक डोळा मिटून दांडा उजेडात धरला. मग पुठ्ठा घेऊन तो गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तो चिंधीला हात पुसत.

"केसाचा तरी फरक आहे का?" शिंप्याने विचारलं.

"नाही मास्तर. असं चोख माप मी जन्मात पाहिलं नाही," मिस्त्री म्हणाला. "फक्त ते खांबाला धडकायच्या आधी घ्यायला हवं होतं."