सुरुंग नसलेलं मैदान

मैदानाच्या मधोमध मशीन बंद पडलं. पुढच्या दांड्यावरच्या साखळ्या दोन गचके खाऊन थांबल्या, धूळ खाली बसली आणि अवधूतच्या हातातल्या रिमोटवर लाल दिवा लागला.

"फिल्टर चोक झाला असणार," तो इंग्रजीत म्हणाला. रिमोट टेबलावर ठेवला, पाना खिशात घातला आणि सरळ मैदानात चालू लागला.

"उस्ताद!"

मागून आलेली हाक इतकी कडक होती की तो जागीच थबकला. वळून पाहिलं, तर तंबूच्या सावलीत बसलेले सहाही सैनिक उठून उभे होते. एकानं तर दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं.

कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मद गावाच्या पलीकडची ही मोकळी जागा. वाळूत पुरलेले सुरुंग प्लॅस्टिकचे, आतून पोकळ. अवधूतनं ते स्वतःच्या हातानं पुरले होते आणि सैनिकांनाही ते ठाऊक होतं. पण ते ज्या देशातून आले होते तिथं नऊ वर्षं लढाई चालू होती. तिथल्या एका दवाखान्यापर्यंतचा अकरा किलोमीटरचा रस्ता कतार बांधून देणार होतं, आणि त्याआधी त्या वाटेवरचे सुरुंग काढायला त्यांच्या लष्कराला अशी तीन मशीन्सही देणार होतं. ती चालवायला शिकवायची, एवढंच अवधूतचं काम होतं. निदान काल दुपारपर्यंत तरी.

काल दुपारी मशीन पुरवणाऱ्या त्याच्या कंपनीचे मॅनेजर विजयकुमार यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "मशीनबरोबर आपला एक माणूस जायला हवा. तीन आठवडे. आर्मी असेल सोबत, एकदम सेफ. उद्या बारापर्यंत सांग." बायकोला, अंतराला, त्यानं हे सांगितलं नव्हतं. सकाळी तिनं विचारलं, "चेहरा का असा उतरलाय?" तेव्हा झोप झाली नाही म्हणून त्यानं वेळ मारून नेली होती.

आता साडेअकरा वाजून गेले होते.

तुकडीची प्रमुख, लेफ्टनंट सलमा, मैदानाच्या कडेशी आली. तिनं एक पाय अवधूतच्या पहिल्या ठशात ठेवला. मग दुसरा, दुसऱ्या ठशात. त्याची ढांग मोठी, तिची लहान. प्रत्येक पावलाला तिला तोल सावरावा लागत होता. तरी एकदाही ठशाबाहेर पाऊल न टाकता ती त्याच्या पाठीमागे येऊन थांबली.

"खोटे आहेत, मॅडम," अवधूत म्हणाला. "तुम्हाला माहितीये."

"मला माहितीये. पायांना माहीत नाही."

तो हसायला गेला, पण तिचा चेहरा पाहून गप्प झाला.

"तिथं मशीन असं मधेच बंद पडलं, तर आत कोणी जायचं?" तिनं विचारलं.

"मॅन्युअलमध्ये दिलंय. कंपनीच्या तज्ज्ञाला बोलवायचं."

"म्हणजे तुम्हाला."

अवधूतनं समोर पाहिलं. मशीन पंधरा-वीस पावलांवर होतं. महिनाभरात तो शंभर वेळा तरी तिथपर्यंत गेला असेल, फोनवर बोलत, कधी हातात चहाचा कप घेऊन.

"आम्हाला एक मशीन आधीही मिळालं होतं," सलमा म्हणाली. "दुसऱ्या कुठल्या तरी देशाकडून. चांगलं होतं. भुईमुगाच्या शेतात बंद पडलं, ते अजून तिथंच आहे. ते आणायला जो गेला तोही तुमच्यासारखाच होता. हुशार. भराभर चालायचा."

त्यानं पुढची वाळू पाहिली. पिवळी, सपाट, सगळीकडे सारखीच. चाळीस सुरुंग पुरले होते त्यानं, पण आता त्यातल्या एकाचीही जागा आठवेना. सगळे पोकळ आहेत, पोकळ आहेत, असं त्यानं मनाशी दोनदा म्हटलं. पाऊल काही उचललं नाही.

"कसं जायचं असतं?" अखेर त्यानं विचारलं.

सलमानं कमरेची बारीक सळई काढून त्याच्या हातात दिली. "गुडघे टेका. सळई उभी खुपसायची नाही, तिरपी घालायची. हळू. काही लागलं नाही तर दोन बोटं पुढं, आणि पुन्हा."

अवधूत गुडघ्यांवर बसला. सळई वाळूत सरकवली, काढली, पुन्हा सरकवली. नोव्हेंबरची हवा होती, तरी शर्ट पाठीला चिकटला. पाठीमागून सलमाचा श्वास तेवढा ऐकू येत होता. हातभर अंतर कापायला दहा मिनिटं गेली.

सळईचं टोक कशाला तरी लागलं. कठीण.

त्याची बोटं सळईवर आवळली गेली. तेवढ्यात शर्टाच्या खिशातला फोन वाजला. ही धून त्यानं एकाच नंबरला लावली होती. त्याचा डावा हात आपसूक खिशाकडं निघाला.

"नाही," सलमा हळूच म्हणाली. "हात तिथंच."

त्यानं हात परत सळईवर नेला. रिंग वाजून वाजून थांबली आणि लगेच पुन्हा सुरू झाली.

"कोण आहे?"

"बायको."

सलमानं तंबूकडं एकदा वळून पाहिलं. तंबूपाशी उभे असलेले बाकीचे पाच जण अजूनही खाली बसले नव्हते.

"मग तर सळई अजिबात सोडू नका," ती म्हणाली.